पाय न टेकता

ज्या शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि तेही माणसं जागी व्हायच्या आत निघून जातं, त्या शहरातल्या चाळीसेक शहाण्यासुरत्या माणसांना चार किलोमीटर पोहण्याची हौस यावी, याला काय म्हणावं? पोहून झालं की लगेच सायकल, सायकल झाली की धावणं, सगळं एकाच दिवशी. सत्यशीला त्याला काही म्हणत नसे. त्याच हौसेवर तिच्या घरची चूल पेटत होती.

छावणीच्या अंगाला एका क्लबाचा जलतरण तलाव होता. सत्यशीला तिथं जीवरक्षक होती. वय त्रेचाळीस, अंगात क्लबाचा पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हनुवटीवर माहेरचं गोंदण. नव्या येणाऱ्या बाया आधी गोंदण बघायच्या, मग शिट्टी, आणि दोन्हींचा मेळ काही त्यांना बसायचा नाही.

मेळ सरळ होता. माहेर धनगराचं, नाथसागराच्या फुगवट्याच्या काठावरचं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गावाची निम्मी शिवारं त्यात गेली आणि एक टेकाड तेवढं पाण्यापलीकडं राहिलं. उन्हाळ्यात गवत उरायचं ते त्या टेकाडावर. मग बाप, रामकिसन, मेंढरं पाण्यात घालायचा. पुढं एडका घेऊन तो, आणि शेपटीला सत्यशीला. सहाव्या वर्षी बापानं तिच्या पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून तिला पाण्यात ढकललं होतं. आठव्या वर्षी डबा सुटला. बापाचं सांगणं एवढंच असायचं, "वरडणाऱ्या मेंढराकडं बघू नको. जे वरडतंय त्याच्या छातीत हवा हाय. गप झालेलं बघ."

लग्न होऊन ती शहरात आली, आणि क्लबात कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या कामाला लागली. एका दुपारी महिलांच्या बॅचमधली एक मुलगी खोल बाजूला गप झाली. काठावर दहा बाया गप्पा मारत होत्या. सत्यशीलानं हातातला खराटा टाकला आणि लुगड्यानिशी उडी घेतली. महिलांची बॅच तेव्हा प्रमोदिनीकाकू बघायच्या; शाळेतून निवृत्त झालेल्या, क्लबाच्या कमिटीवरच्या, शब्दाला वजन असलेल्या. काकूंनी दुसऱ्याच दिवशी तिचा अर्ज स्वतःच्या हातानं भरला, तिला जीवरक्षकाच्या शिबिराला धाडलं, आणि परत आल्यावर तिच्या गळ्यात शिट्टी घातली. सतरा वर्षं झाली त्याला. काकूंचं मीठ खाल्लंय असं सत्यशीला उगीच म्हणत नसे.

मग अठरा सालचा पाऊस दगा देऊन गेला. दिवाळीच्या आधीच टँकर सुरू झाले. लोक हंडे घेऊन भांडत असताना आपण तलाव काठोकाठ भरून बसावं हे कमिटीला बरं दिसेना, पण तलाव बंद करणंही जिवावर आलं. मधला मार्ग निघाला. पाणी दीड फूट उतरवायचं. सहा फुटांची खोल बाजू छातीला आली, उथळ बाजूला पाणी मांडीपर्यंत उरलं. पोहताना बोटं फरशीला घासायची. कुणाला काही वाटलं नाही. उलट बुडायची भीती गेली म्हणून चार जण नव्यानं आले.

त्या तलावात विश्वजित चार किलोमीटरची तयारी करत होता.

विश्वजित म्हणजे प्रमोदिनीकाकूंचा एकुलता एक मुलगा. सेहेचाळीस वर्षांचा, बिडकीनकडच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. माणूस गोड. सत्यशीलाला ताई म्हणायचा, तिच्या मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी स्वतः रांगेत उभा राहिला होता. सायकल दणकट चालवायचा, धावायचा बेताचा, पोहायला मात्र दोनच वर्षांपूर्वी, सत्यशीलाच्या हाताखाली शिकलेला. शिवशंकर नावाच्या सायकल दुकानदारानं जानेवारीच्या शेवटी नाथसागरावर लांब पल्ल्याची शर्यत ठरवली, तेव्हा पहिलं नाव विश्वजितनं दिलं. शिवशंकर तसा काळजीचा माणूस. त्यानं प्रत्येकाकडून दोन कागद मागितले. एक डॉक्टरचा. दुसरा पोहणं शिकवणाऱ्याचा, त्यावर छापलेलं होतं: हा स्पर्धक सलग चार किलोमीटर, पाय न टेकता, पोहलेला मी स्वतः पाहिला आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी विश्वजित एकशेसाठ फेऱ्या पोहला. सत्यशीलानं काठावर बसून मोजल्या. प्रत्येक टोकाला तो उभा राहायचा, दोन पावलं टाकायचा, श्वास घ्यायचा आणि मग भिंतीला पाय मारून निघायचा. शंभराव्या फेरीनंतर मध्येच थांबून गॉगल सारखा करायला लागला. गॉगल काही इतका बिघडत नाही. बाहेर आला तेव्हा इतका खूश होता की त्यानं तिच्यापुढं दोन्ही हात जोडले.

"झाले ताई, चार किलोमीटर झाले."

"झाल्या, फेऱ्या झाल्या," ती म्हणाली. कागद तिनं घडी करून खिशात ठेवला.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अगं सत्यशीला, विश्वाचा कागद राहिलाय म्हणे तुझ्याकडे. देऊन टाक बाई. दोन वर्षं नुसता या पोहण्याच्या मागे लागलाय. चेहरा बघवत नाही त्याचा."

"काकू, पाणी लई कमी हाय तलावात. आन् ते मधी मधी—"

"अगं, तू शिकवलंयस म्हटल्यावर मला काळजी नाही."

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. सकाळी सत्यशीलानं सही केली. इथं ती चुकली, आणि चुकतोय हे तिला कळत होतं. सतरा वर्षांत तिनं कुणाला शिट्टी मारायला कचरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण शिट्टी पाण्यातल्या माणसासाठी असते, फोनवरच्या माणसासाठी कुठून आणायची?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तलावच बंद करायचा हुकूम आला. मग सगळी मंडळी गाड्यांवर सायकली लादून पैठण रस्त्यानं नाथसागराच्या फुगवट्यावर सरावाला जाऊ लागली. पाणी बरंच मागं सरलं होतं. काठावर चिखल, चिखलात गेल्या साली बुडालेल्या बाभळींचे बुडखे, आणि पुढं एकदम खोल. फरशी नाही, भिंत नाही, खाली नुसता अंधार. पहिल्या दिवशी विश्वजित चारशे मीटरवर थांबला आणि खोकत परत आला.

तो खोकला सत्यशीलानं काठावरून ऐकला. पाणी नाकातोंडात गेलं की माणूस जोरात खोकतो, शिव्या देतो, आणि मोकळा होतो. हा खोकला तसला नव्हता. तो खोलवरून येत होता आणि संपत नव्हता. विश्वजित चिखलात बसला तेव्हा त्याच्या श्वासात बारीक खदखद होती, मंद आचेवर वरण शिजावं तशी. थंड पाण्यातून काढलेल्या एखाद्या म्हाताऱ्या मेंढीचा श्वास असा यायचा. बाप त्या मेंढीला आडवं होऊ द्यायचा नाही.

"दादा, तुमी लई खोकायलेत."

"ठसका लागला, ताई. लाटेचं पाणी गेलं."

"लाट कुठं हाय?"

तो हसला. दुसऱ्या खेपेला तसंच झालं, आणि पुन्हा ठसकाच लागला होता. तिनं त्याला डॉक्टरकडं जायला सांगितलं. तो गेला. छातीचा आलेख नीट आला. कोरड्या अंगानं, पंख्याखाली झोपून काढलेला आलेख नीट यायचाच.

सत्यशीला शिवशंकरच्या दुकानात गेली. म्हणाली, विश्वजितदादाला यंदा घेऊ नका.

"का?"

"ते तयार नाहीत."

शिवशंकरनं ड्रॉवरमधून तिच्याच सहीचा कागद काढून तिच्यापुढं ठेवला. "ताई, इथं तुम्ही लिहून दिलंय की तयार आहेत. हे खोटं होतं असं लिहून द्या, मी आत्ता नाव काढतो. मलापण पाण्यात कुणी नकोय मरायला."

त्यात वावगं काहीच नव्हतं. पेन समोर होतं. सत्यशीलाच्या डोळ्यांपुढं क्लबाची कमिटी आली, गळ्यातून निघणारी शिट्टी आली, आणि काकूंचा चेहरा आला. तिनं पेन शिवशंकरकडं परत सारलं. मग म्हणाली, "मला शर्यतीच्या दिवशी बसायला एक होडी द्या. लांबच्या टोकाला." दुकानातून बाहेर पडताना तिला स्वतःची किळस आली. सही एकदा भिडेनं गेली होती. आता तिनं ती भीतीनं राखली होती.

शर्यतीचा दिवस उजाडला तो बोचऱ्या थंडीचा. सात वाजता एक्केचाळीस जण पाण्यात उतरले. दोन फेऱ्या मारायच्या, दोन तास वीस मिनिटांच्या आत. काठावर मंडप, मंडपात डॉक्टर योगिनी म्हणून एक तरुण बाई, आणि पुढच्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या प्रमोदिनीकाकू. सत्यशीलाची नाव काठापासून किलोमीटरभर आत, जिथून वळायचं त्या नारिंगी फुग्यापाशी. वल्ह्यावर बद्रीनाथ होता, तिथला मासेमार, पाण्यावर जन्म गेलेला आणि बोलायला कंजूस. त्याला शिवशंकरनं नियम पक्के सांगितले होते. पोहणाऱ्यानं नाव धरली तर धरू द्यायची, दम खाऊ द्यायचा. पण नाव तसूभरही पुढं न्यायची नाही. नावेनं माणसाला ओढलं की तो शर्यतीतून बाद. आणि कुणी हात वर केल्याशिवाय कुणाला उचलायचं नाही.

पहिल्या फेरीला विश्वजित तेहेतीस मिनिटांनी आला. सत्तावीस नंबरची पिवळी टोपी. डावं कोपर पडायचं, त्यावरून सत्यशीलानं त्याला लांबूनच ओळखला. दोनदा खोकला.

"दादा, नाव धरा जराशी," ती ओरडली.

त्यानं अंगठा दाखवला आणि वळून गेला.

ती बसली. उन्ह वर आलं, पाणी चमकायला लागलं आणि टोप्या ओळखू येईनाशा झाल्या. पुढचे लोक दुसरी फेरी वळून परत निघाले. कुणी नाव धरली, कुणी पाणी मागितलं, एकजण पायात गोळा आला म्हणून आईच्या नावानं कळवळला. सत्यशीलानं त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. बद्रीनाथला म्हणाली, तू बघ त्याला. तिची नजर काठाकडून येणाऱ्या पाण्यावर होती. एक तास तीस मिनिटं. पस्तीस. सत्तावीस नंबर दिसेना.

मग दिसला. डोकं पाण्यावर धरून, बेडकासारखे हात मारत येत होता. खोकत होता. खोकतोय तोवर ठीक, तिनं स्वतःला सांगितलं. नावेपासून वीस हातांवर खोकला थांबला.

"बद्रीभाऊ, घे तिकडं."

नाव पोचली तशी विश्वजितनं दोन्ही हातांनी कड धरली. ओठ निळे पडले होते. श्वासातली खदखद आता कान न देताही ऐकू येत होती.

"हलवू नका," तो म्हणाला. एकेक शब्दाला थांबत होता. "नाव… हलली की… मी बाद."

"दादा, बास झालं. वर या."

"चाळीस मिनिटं… आहेत अजून. पाच मिनिटं… द्या."

तिनं बद्रीनाथकडं बघितलं. बद्रीनाथ वल्हं आडवं धरून बसला होता. "ताई, त्यांनी हात कुठं वर केलाय?" तो हळूच म्हणाला. "उद्या माझ्यावर येईल."

विश्वजितनं तोंड फिरवून थुंकलं. थुंकी नावेच्या लाकडावर पडली. फेस होता, आणि फेसाला गुलाबी झाक होती. या माणसानं उभ्या जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. शिबिरात शिकवणाऱ्यानं फळ्यावर एकदाच लिहिलेलं तिला आठवलं: थंड पाण्यात, जोर लावताना, कधीकधी माणसाच्या छातीत त्याच्याच अंगातलं पाणी उतरतं, गुलाबी फेस दिसला की वाट बघायची नाही.

"बद्रीभाऊ, नाव काठाला घे. आलं तर माझ्यावर येऊ दे."

वल्हं पाण्यात पडलेलं विश्वजितनं ऐकलं, आणि त्यानं नाव सोडली. मागं ढकलूनच दिली. बाद व्हायचं नव्हतं त्याला. एक हात मारला, दुसरा मारला, तिसरा अर्ध्यावर राहिला. मग तो पाण्यात उभा झाला. तोंड वर, हनुवटी पाण्याबरोबर, दोन्ही हात खाली पाणी दाबताहेत. ओरडला नाही. काठावरून कुणाला वाटलं असतं, माणूस दम खातोय.

तो गप झाला होता. सत्यशीलानं उडी मारली.

ती समोरून गेली नाही. बुडणारा समोरच्याला शिडी करतो. पाण्याखालून मागं गेली, काखेत हात घातले आणि त्याला वर उचललं. भरल्या अंगाचा माणूस, नुसता भार. बद्रीनाथनं आता कुणाच्या हात वर करण्याची वाट बघितली नाही. नाव आडवी घातली आणि दंडाला धरून त्याला आत ओढलं. सत्यशीला मागून चढली. बद्रीनाथ त्याला निजवायला गेला तशी ती खेकसली, "आडवं करू नको. बसता ठिव." तिनं त्याची पाठ आपल्या छातीला टेकवली आणि काठापर्यंतचं किलोमीटरभर तशीच धरून बसली. जोरजोरानं शिट्टी वाजवत होती, काठावरच्यांनी तयार राहावं म्हणून. मध्ये एकदा श्वास इतका लांबला की तिनं शिट्टी सोडून त्याच्या नाकापुढं हात धरला.

निम्म्या वाटेवर त्याला थोडा आवाज फुटला.

"ताई… तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"बोलू नका."

"मी तयार आहे म्हणून." तो थांबला. "मला वाटत होतं… नाही जमणार. पण तुम्ही लिहिलं… म्हटल्यावर…"

सत्यशीलाला वाटत होतं की हौसेच्या भरात तो तिची नुसती सही मिळवून पाण्यात उतरलाय. तसं नव्हतं. त्याला स्वतःची धाकधूक होती, आणि ती त्यानं तिच्या सहीवर भरवसा ठेवून गिळली होती. तिला रडू आलं. छातीशी धरलेल्या माणसाचा श्वास मोजायचा होता, म्हणून तिनं ते थोपवलं.

मंडपात डॉक्टर योगिनीनं त्याला बसतंच ठेवून प्राणवायू लावला, सुई टोचली, छातीला नळी लावून ऐकलं. दहा मिनिटांनी ओठांची निळाई उतरायला लागली. "दोन्ही फुप्फुसांत पाणी उतरलंय," ती म्हणाली. "दवाखान्यात न्यावंच लागेल, पण वाचलेत. आणखी थोडा वेळ पाण्यात राहिले असते तर मला काही करता आलं नसतं."

प्रमोदिनीकाकू मुलाच्या पायाशी बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सत्यशीलाचे ओले, थंडगार हात त्यांनी शालीत घेतले. "देवासारखी धावलीस गं."

आजूबाजूला शिवशंकर होता, क्लबाच्या कमिटीतले दोघे होते, योगिनी होती. नुसतं गप बसलं असतं तरी चाललं असतं. आयुष्यभर त्या शालीची ऊब मिळाली असती.

"काकू, मीच त्यांना पाण्यात घातलं," सत्यशीला म्हणाली. "ते चार किलोमीटर पोहलेच नव्हते. पाय टेकत व्हते, मी बघितलं व्हतं. आन् तरी सही केली."

शिवशंकर वळून बघायला लागला. कमिटीतल्या एकानं दुसऱ्याकडं पाहिलं. काकूंनी तिचे हात सोडले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो कुठं टाकावा हे त्यांना सुचेना, कारण फोन कुणी केला होता हे मंडपात दोघींनाच ठाऊक होतं. सत्यशीलानं फोनचा विषय काढला नाही. काकू खाली बसल्या, आणि अंगावरची शाल काढून मुलाच्या पायांवर घालायला लागल्या.

"मी तुला बोलू दिलं नाही त्या दिवशी," त्या वर न बघता म्हणाल्या. मग एकदम मान वर करून विचारलं, "पाण्यात अजून किती जण आहेत?"

"नऊ," शिवशंकर म्हणाला.

"त्यातल्या कितींना तुझी सही आहे?"

सत्यशीलानं उन्हात चमकणाऱ्या पाण्याकडं बघितलं. त्याच तलावात, त्याच मांडीभर पाण्यात सराव केलेले. विश्वजितला दिली म्हटल्यावर त्यांना नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होती?

"तिघांना."

"मग इथं माझ्याशी काय बोलत उभी आहेस?"

बद्रीनाथ नाव चिखलातून ढकलतच होता. सत्यशीला पळत जाऊन तिच्यात बसली, आणि त्या तिघांचे टोपीचे नंबर मोठ्यानं सांगायला लागली.